राहिलेली जनावरे कोण मोजणार?

गुरांमधल्या लंपी त्वचारोगाच्या साथीनंतर एक मांडणी सतत कानावर येते. पशुपालकांच्या मेळाव्यात ती ऐकू येते, जिल्हा परिषदेच्या सभेत ऐकू येते, आणि अलीकडे पशुवैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांच्या तोंडीही असते. मांडणी अशी की, पशुसंवर्धन खात्यात राबणारे हात कमी आणि तपासणारे डोळे जास्त झाले आहेत. गोठ्यात जायचे सोडून डॉक्टर तक्ते भरत बसतो. आढावा बैठका, वरिष्ठांचे दौरे आणि छायाचित्रांसह अहवाल यांत त्याचा दिवस जातो. तेव्हा देखरेखीचे हे ओझे उतरवा, तो पैसा औषधांवर आणि लस टोचणाऱ्यांवर खर्च करा. नोंदी ठेवायला मोबाइलमधले ॲप पुरेसे आहे.

या मांडणीमागची चीड खरी आहे. एकाच पशुधन विकास अधिकाऱ्याकडे दोन-तीन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार, शिवाय निवडणुकीची कामे, शिवाय ‘आज संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा’ असे निरोप. अशा माणसाला देखरेख म्हणजे छळ वाटला, तर त्यात त्याचा दोष नाही. पण चीड खरी असली म्हणून निष्कर्ष बरोबर ठरत नाही. जनावरांच्या साथी आटोक्यात आणण्याच्या कामात देखरेख ही कामावरची वरकड नाही, तो त्या कामाचा गाभा आहे. साथ टिकून राहते ती लस न मिळालेल्या जनावरांत. टोचणारा माणूस टोचलेली जनावरे मोजतो. राहिलेली कुठे आहेत आणि का राहिली, हे शोधणारे दुसरे कोणी नेमले नाही, तर ती कोणाच्याच हिशेबात येत नाहीत.

हे पुस्तकी बोलणे नाही. या देशाने त्याची किंमत मोजली आहे. बुळकांडी हे नाव आज तरुण शेतकऱ्याला माहीत नसते, आणि ते माहीत नसणे ही भारतीय पशुवैद्यकाची सर्वांत मोठी कमाई आहे. या रोगाने गावेच्या गावे बैलांवाचून पडत. इंग्रज सरकारने गुरांच्या साथींसाठी आयोग नेमला, १८८९ मध्ये पुण्यात जीवाणूशास्त्राची प्रयोगशाळा काढली आणि पुढे ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. या सगळ्यामागे मुख्यतः बुळकांडीची धास्ती होती. त्याच मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात शेळ्यांमध्ये वाढवलेल्या विषाणूपासून लस तयार झाली. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले तेव्हा लस आपल्या हातात होती. १९५४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि उद्दिष्ट ठरले, पाच वर्षांत ऐंशी टक्के गायी-म्हशींना लस. ऐंशी टक्के टोचले की रोगाला पुढे सरकायला जागा उरणार नाही, असा हिशेब होता.

सुरुवातीला फळ दिसले. वर्षाला हजारोंनी होणारे उद्रेक काही वर्षांत शेकड्यांवर आले. आणि तिथेच गाडी अडली, ती पुढची तीसेक वर्षे. लस तीच होती, लस टोचणारे हजारो लोक होते, कोट्यवधी मात्रा दर वर्षी खपत होत्या. तरी रोग जाईना, कारण ऐंशी टक्क्यांचा आकडा पूर्ण होत होता तो सहज हाती लागणाऱ्या जनावरांवर. रस्त्यालगतचे गाव, खोड्यात शांत उभी राहणारी गाय, गेल्या वर्षी टोचलेलीच गाय. या लशीची प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे मोठ्या जनावराला दुसऱ्यांदा टोचून आकडा वाढतो, संरक्षण वाढत नाही. दरम्यान दर वर्षी नवी वासरे जन्मत होती. रानात चरणारी, भटक्या कळपांबरोबर फिरणारी, बाजारातून बाजारात जाणारी जनावरे त्या उरलेल्या वीस टक्क्यांत पुन्हा पुन्हा जमा होत होती. रोगाला तेवढे पुरले.

कोंडी फुटली ती कामाची दिशा बदलल्यावर. १९९२ मध्ये युरोपीय समुदायाच्या मदतीने नवा प्रकल्प सुरू झाला. त्यात लसीकरण होतेच, पण त्याच्याबरोबर शोध होता. पथके गावोगाव जाऊन बुळकांडीसारखी लक्षणे असलेले जनावर आहे का, हे विचारत. गुरांच्या वाहतुकीच्या मार्गांवर शोध घेतला जाई. दवाखान्यांच्या रोजच्या नोंदवह्या वाचून संशयास्पद जुलाबाची, तोंड आल्याची प्रकरणे वेगळी काढली जात. रक्ताचे नमुने तपासून लस खरेच लागू पडली का, हे पाहिले जाई. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला. त्यानंतर तर लस टोचणे टप्प्याटप्प्याने बंदच करण्यात आले आणि पुढची वर्षे केवळ नजर ठेवण्यात गेली, कारण रोग खरोखर संपला आहे हे लस थांबवल्याशिवाय सिद्ध होत नाही. २००६ मध्ये भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त असल्याचे जागतिक मान्यतेने ठरले आणि २०११ मध्ये सारे जग मुक्त झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसरा रोग. ‘तपासणारे कमी करा, टोचणारे वाढवा’ म्हणणाऱ्यांनी या इतिहासाला उत्तर द्यावे. टोचणारे पुरेसे होते तेव्हा बुळकांडी तीस वर्षे टिकली. तपासणाऱ्यांना काम दिले तेव्हा ती काही वर्षांत गेली.

आता लंपीकडे येऊ. हा रोग भारतात २०१९ मध्ये ओडिशात पहिल्यांदा दिसला. महाराष्ट्रात मोठी साथ सुरू झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून. हाती स्वतंत्र लस नव्हती, म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना देण्यात आली. आधी बाधित गावाभोवतीच्या पाच किलोमीटरच्या परिघात लसीकरण झाले आणि मग सरसकट सगळीकडे. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंश आहे आणि २०२२ च्या अखेरपर्यंत जवळपास सर्वांना लस दिल्याचे शासनाने सांगितले. खात्यातले डॉक्टर, पर्यवेक्षक, पशुवैद्यकीय महाविद्यालयांतले आंतरवासिता करणारे विद्यार्थी, खासगी सेवादाते यांनी त्या दोन-तीन महिन्यांत जे श्रम केले, त्याला तोड नाही. त्यांचे ऋण मान्य करूनच पुढचे म्हणतो.

त्या साथीत गावोगाव एक तक्रार होती: ‘लस देऊनही जनावर मेले.’ देखरेखीला विरोध करणारे या तक्रारीचा आधार घेतात, की एवढी यंत्रणा असून उपयोग काय झाला? पण या तक्रारीचे उत्तर द्यायचे तर काय हाताशी लागते, हे पाहा. लस टोचल्यापासून प्रतिकारशक्ती पुरेशी तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत चार आठवडेही जाऊ शकतात. म्हणजे टोचणीनंतर आठव्या दिवशी गाठी आलेली गाय बहुधा आधीच बाधित होती, आणि तीन महिन्यांनी आजारी पडलेली गाय वेगळा प्रश्न उभा करते: लस खराब होती का, कुपी उन्हात राहिली होती का, विरघळवलेली लस दुपारपर्यंत वापरत राहिले का, मात्रा पूर्ण गेली का? टोचल्याची खरी तारीख, कुपीचा बॅच क्रमांक, दुसऱ्या जनावराला दुसरी सुई वापरली की नाही, हे ज्याने त्या वेळी पाहून लिहिले असेल, त्यालाच या प्रश्नाचे उत्तर देता येईल. ते लिहिलेले नसेल तर शेतकरी म्हणणार लस खोटी, डॉक्टर म्हणणार जनावर आधीच आजारी, आणि दोघांनाही आपले म्हणणे सिद्ध करता येणार नाही. अशा वादातून लशीवरचा विश्वास उडतो, आणि पुढच्या फेरीला गोठ्याचे दार बंद मिळते. आपण ज्याला कागदपत्र म्हणून हिणवतो, त्यातला हा कागद शेतकऱ्याच्या बाजूचा आहे.

सुईचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. दिवसाला शेकडो जनावरे टोचायची, पथकात दोनच माणसे, पाऊस सुरू, गाय लाथा मारते. अशा वेळी सुई न बदलण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे आणि तेच सर्वांत धोक्याचे आहे. दिसायला निरोगी पण आतून बाधित असलेल्या गायीच्या अंगातून निघालेली सुई पुढच्या गायीत गेली, तर लसीकरणाचे पथकच रोग वाहून नेते. हे कोण थांबवणार? फोनवरून ‘आज किती झाली?’ विचारणारा साहेब थांबवू शकत नाही, उलट तो ती सुई न बदलण्याचेच कारण होतो. थांबवू शकतो तो पथकाबरोबर गोठ्यात उभा राहणारा, वापरलेल्या सुया मोजणारा आणि ‘आज कमी झाली तरी चालतील’ असे सांगण्याचा अधिकार असलेला वरिष्ठ. देखरेखीचे हे दोन प्रकार आहेत, आणि आपल्याकडे पहिला बोकाळला म्हणून दुसरा नको म्हणण्याची चूक होते आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात लंपी परतली. त्या वेळी वासरांमधले प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखे होते. यात आश्चर्य कसले? २०२२ च्या मोहिमेनंतर जन्मलेले वासरू त्या जवळपास शंभर टक्क्यांत नव्हतेच. लस दिलेल्या आईच्या चिकातून आलेले संरक्षण काही महिन्यांत ओसरते, आणि ते ओसरल्यावर त्या वासराला टोचायला कोणीतरी त्याच गोठ्यात परत जावे लागते. मोहीम संपली, आकडा पूर्ण झाला, बातम्या छापून आल्या. परत जाण्याचे काम मात्र कोणत्याही तक्त्यात नव्हते. बुळकांडीच्या पहिल्या कार्यक्रमाने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जी ठेच खाल्ली, तीच आपण पुन्हा खाल्ली, आणि कारणही तेच: मोजणी झालेल्या कामाची झाली, राहिलेल्याची झाली नाही.

‘ॲप आहे ना’ या उत्तराकडे आता वळतो. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आणि त्या क्रमांकावर केंद्राच्या ‘भारत पशुधन’ प्रणालीत नोंद, ही चांगली व्यवस्था आहे, तिला माझा विरोध नाही. पण ती काय पाहू शकते आणि काय नाही, हे स्पष्ट असले पाहिजे. नोंद भरली गेली एवढे तिला कळते. कुपी २ ते ८ अंश तापमानात होती का, हे तिला कळत नाही. आणि मुख्य म्हणजे, ज्या जनावराच्या कानात बिल्लाच नाही ते तिच्या लेखी अस्तित्वातच नसते. नेमके तेच जनावर आपल्याला शोधायचे आहे. ॲपमधल्या नोंदी गावच्या प्रत्यक्ष जनावरांशी पडताळून पाहायला गोठे पायी फिरणारा माणूस लागतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण ऊसतोड मजुरांचे बैल. दसरा-दिवाळीच्या सुमारास अहिल्यानगर, बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून बैलगाड्यांसह टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, उत्तर कर्नाटकातल्या कारखान्यांच्या हद्दीत पाच-सहा महिने मुक्काम करतात. लाळ्या-खुरकुताची लस सहा-सहा महिन्यांनी द्यायची असते. फेरी गावात येते तेव्हा बैल बाहेर गेलेले, म्हणून मूळ गावचा दवाखाना त्यांना गैरहजर धरतो. कारखान्याच्या तळावरचा दवाखाना त्यांना परगावचे धरतो. दोन्ही ठिकाणचे कर्मचारी आपापल्या परीने प्रामाणिक असतात, दोन्हीकडचे उद्दिष्ट पूर्ण होते, आणि शेकडो बैल एका फडातून दुसऱ्या फडात लस न मिळता फिरत राहतात. गावच्या गायी ज्या हौदावर पाणी पितात, त्याच हौदावर ते पाणी पितात. ही फट दोन्ही दवाखान्यांच्या वर असलेल्या माणसालाच दिसते, आणि दोन जिल्ह्यांच्या उपायुक्तांनी एकमेकांशी बोलून, निघण्याआधी की पोहोचल्यावर कोण टोचणार, हे ठरवले तरच ती बुजते. धनगरांच्या वाड्यांबद्दल, गोशाळांबद्दल, मोकाट गुरांबद्दल, सांगोला-घोडेगाव-काष्टीच्या बाजारात एका सकाळी हात बदलणाऱ्या जनावरांबद्दल हेच म्हणता येईल.

लाळ्या-खुरकुताचा विषय निघालाच आहे तर तिथला हिशेबही सांगतो. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये, सारा खर्च केंद्राचा, लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांसाठी. लाळ्या-खुरकुताचे लसीकरणासह नियंत्रण २०२५ पर्यंत आणि निर्मूलन २०३० पर्यंत, असे ध्येय ठरले. एवढा पैसा आणि एवढ्या मात्रा खर्च झाल्यावर विचारायचा प्रश्न ‘किती टोचल्या?’ हा नाही. कळपात प्रतिकारशक्ती तयार झाली का, हा आहे. त्यासाठी लशीआधी आणि लशीनंतर साधारण चार आठवड्यांनी रक्तनमुने घ्यावे लागतात. लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे कोणती आणि खऱ्या संसर्गामुळे झालेली कोणती, हे वेगळे करून दाखवणारी चाचणी उपलब्ध आहे. पुण्यात औंधला रोग अन्वेषणाची प्रयोगशाळा आहे. म्हणजे साधने आहेत. पण नमुना कोणत्या गोठ्यातून घेतला, ओळखीच्या आणि सोयीच्या गोठ्यातून की चिठ्ठी टाकून निवडलेल्या, यावर निकालाचे सारे मोल ठरते, आणि हे पुन्हा देखरेखीचेच काम आहे.

कायद्याकडेही एकदा पाहू, कारण ‘देखरेख ही साहेबी परंपरा’ असे काहीजण म्हणतात. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पदविकाधारकांनी किरकोळ पशुवैद्यकीय सेवा द्यायच्या त्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार. आपल्या जिल्हा परिषदांचे श्रेणी-२ चे दवाखाने पशुधन पर्यवेक्षक चालवतात. रात्री-अपरात्री अडलेल्या गायीसाठी धावणारा बहुतेक वेळा हाच माणूस असतो आणि त्याच्याविषयी मला आदर आहे. पण ज्याच्या देखरेखीखाली त्याने काम करायचे तो डॉक्टर तीस किलोमीटरवर, आणखी दोन दवाखान्यांच्या कार्यभारासह बसलेला असेल, तर कायद्यातले ते शब्द दोघांवरही अन्याय करतात. संशयास्पद रोग ओळखण्याची जबाबदारी पर्यवेक्षकावर एकट्यावर पडते, चूक झाली तर दोषही त्याचाच. राष्ट्रीय कृषी आयोगाने पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा असे सुचवले त्याला पन्नास वर्षे होत आली. म्हणून पदे भरा, ही मागणी देखरेखविरोधकांइतकीच माझीही आहे. फरक एवढाच की भरलेल्या पदांपैकी काहींनी फक्त साथरोगांवर नजर ठेवायची, उपचाराच्या रांगेतून त्यांना मोकळे ठेवायचे, असे मी म्हणतो.

राहिला खासगीकरणाचा मुद्दा. दूध संघांचे डॉक्टर चांगली सेवा देतात, खासगी डॉक्टर बोलावल्यावर लवकर येतो, हे मान्य. पण तो जातो त्याच गोठ्यात, ज्याचा मालक पैसे देतो किंवा संघाला दूध घालतो. भाकड गाय, एक बैल आणि दोन शेळ्या असलेल्या म्हातारीच्या दारात जायचे त्याला कारण नाही. विषाणू मात्र तिच्या दारातून बागायतदाराच्या पन्नास संकरित गायींपर्यंत सहज जातो. साथरोगाच्या बाबतीत शेजाऱ्याचे जनावर सुरक्षित नसेल तर आपलेही नसते, आणि शेजाऱ्यासाठी पैसे मोजणारा खासगी ग्राहक नसतो. ते काम सरकारचेच आहे.

शेतकरी रोग लपवतो, अशीही तक्रार खात्यातून होते. तो लपवतोच, कारण कळवले तर बाजार बंद होतो, दूध घ्यायला लोक बिचकतात. २००९ च्या केंद्रीय अधिनियमाने रोग कळवणे त्याचे कर्तव्य ठरवले आहे, पण नुसत्या कर्तव्याने कोणी पुढे येत नाही. २०२२ मध्ये राज्याने मृत गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपयांची मदत जाहीर केली आणि तिच्यासाठी पंचनामा आवश्यक केला. मृत जनावर परस्पर पुरून टाकण्यापेक्षा डॉक्टरला बोलावण्यात शेतकऱ्याचा फायदा होईल, अशी ही रचना होती. रोग लवकर कळावा म्हणून भीतीऐवजी मदत वापरणे, हेही देखरेखीचेच अंग आहे. असे काही साथ नसतानाच्या काळातही हवे, कारण पहिले जनावर आजारी पडते तेव्हा साथ जाहीर झालेली नसते.

तेव्हा मागणी बदला. बैठका आणि दूरध्वनीवरून गोळा होणारे आकडे निम्म्यावर आणा, त्याला माझा पाठिंबा आहे. त्या बदल्यात प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक गावाची राहिलेल्या जनावरांची यादी मागा: कोणाच्या गोठ्यातली, का राहिली, पुन्हा कोण आणि कोणत्या तारखेला जाणार. ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे आणि रक्ततपासणीचा निकाल ग्रामसभेत वाचून दाखवला गेला पाहिजे. पशुपालक मित्रांनो, पुढच्या वेळी लसीकरणाचे पथक तुमच्या गावातून परत निघेल तेव्हा किती टोचली हे विचारू नका. किती राहिली ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.